‘गेलाय’ म्हणण्याआधी

"आजी, बोर्ड गेलाय."

एवढं बोलून त्या दुरुस्तीवाल्या तरुणाने माझी पिशवी माझ्याकडे परत सरकवली. दुकानात शिरून पाच मिनिटंही झाली नसावीत. तेवढ्यात त्याने बोर्डला वीज जोडली, स्क्रीन लावला, त्यावरची मोडकीतोडकी अक्षरं बघितली आणि निकाल दिला. "नवीन मशीन घ्या, चाळीस हजारांत बसवून देतो. हा हवा तर भंगारात हजाराला ठेवून घेतो." तपासणीचे तीनशे रुपये मात्र रोख.

गेलाय! हाच शब्द माणसाबद्दल उच्चारायचा झाला तर डॉक्टर आधी नाडी बघतो, छातीला नळी लावतो, डोळ्यांत बॅटरी मारून बघतो आणि मग कागदावर सही करतो. यंत्राच्या बाबतीत असली कसलीच अट नाही. दुकानदाराने ‘गेलाय’ म्हटलं की तो गेला. नातेवाइकांनी हुज्जत घालायची नाही.

मी हुज्जत घातली. दुकानात नाही, घरी येऊन घातली. आणि तो बोर्ड आज, हे लिहीत असताना, माझ्या मागच्या कपाटाशेजारी व्यवस्थित चालू आहे. म्हणून हा लेख. मात्र ‘बघा, मी कशी जिंकले’ हे सांगायला मी तो लिहीत नाहीये. शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल की जिंकण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही.

आधी हे यंत्र सत्तरी ओलांडलेल्या, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईकडे कशाला, ते सांगते. आमच्या शाळेत दरवर्षी मुलांचं हस्तलिखित निघायचं. कथा, कविता, रांगोळ्यांची चित्रं, किल्ल्यांचे नकाशे, सगळं मुलांच्या हातचं. निवृत्तीनंतर काही वर्षांनी कळलं की ती हस्तलिखितं माळ्यावर वाळवी खाते आहे. काही माजी विद्यार्थ्यांनी ती सोडवून आणली आणि एकेक पान स्कॅन केलं. चार हजारांच्या वर पानं झाली. ती ठेवायची कुठे? पुण्यात संगणकाचं काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "बाई, मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपले सर्व्हर काढून टाकतात. त्यातलाच एक मदरबोर्ड घेऊ. जुना असला तरी ह्या कामाला आपल्या नेहमीच्या संगणकापेक्षा बरा."

बरा का, तर त्याच्या मेमरीमुळे. ह्या मेमरीत माहितीच्या दर ६४ बिटांबरोबर तपासणीचे ८ बिट जास्तीचे ठेवलेले असतात. एखादा बिट आपोआप उलटला, शून्याचा एक झाला, तर नेमका कोणता उलटला हे त्या आठांवरून कळतं आणि तो तिथल्या तिथे सुलटा केला जातो. मला हे ऐकूनच आवडलं. जन्मभर वह्या तपासणाऱ्या बाईला दुसरं काय आवडणार! तर २०१२ साली बाजारात आलेल्या झीऑन ई५ प्रोसेसरचा एक बोर्ड, प्रोसेसर आणि मेमरीसकट, नऊ हजारांत घरी आला. दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडला, आणि अक्षरांच्या दांड्या गायब! कुठे एक दांडी दोनदा, कुठे अख्खं अक्षर नुसता ठिपक्यांचा पुंजका, आणि सगळं थरथरणारं. विद्यार्थी परगावी गेलेला. म्हणून मी ती पिशवी उचलून दुकान गाठलं.

आता त्या निकालात चूक कुठे होती ते बघू. दुकानदाराचा तर्क वरवर बिनतोड होता. "तुमच्या घरी टीव्हीवर घाण दिसतं, माझ्या इथे माझ्या स्क्रीनवर पण घाण दिसतं. दोन्हीकडे बोर्ड तोच. मग दोष बोर्डाचाच ना?" मीही त्या वेळी मान डोलावली. घरी येऊन चहा घेताना लक्षात आलं की दोन्ही ठिकाणी सारखी असलेली वस्तू एकटा बोर्ड नव्हे. बोर्डला स्क्रीन जोडायला निळ्या रंगाचं, पंधरा भोकांचं जुनं व्हीजीए सॉकेट आहे. टीव्हीला आहे एचडीएमआय. दोन्ही जुळवायला मी अडीचशे रुपयांचा एक कन्व्हर्टर आणला होता. दुकानातला स्क्रीनही एचडीएमआयचाच, म्हणून त्याने माझ्याच पिशवीतला तो कन्व्हर्टर काढून लावला होता. म्हणजे संशयित दोन होते. एकाची चौकशीच झाली नाही आणि दुसऱ्याला फाशी झाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आणखी एक गोष्ट मी घरी बघितली होती. बोर्ड सुरू केल्यावर पहिले दोन-तीन क्षण कंपनीचं चिन्ह उमटतं, आणि ते स्वच्छ उमटत होतं. अक्षरांचा स्क्रीन आला की मोडतोड सुरू. ग्राफिक्सचा भागच मेला असता तर चिन्ह तरी स्वच्छ कसं आलं असतं? मी हे दुकानात सांगितलं होतं. "होतं असं कधी कधी," असं उत्तर मिळालं. वाचकहो, ‘होतं असं कधी कधी’ हे कशाचंही उत्तर नसतं. विचार करायचा कंटाळा आला की माणूस ते म्हणतो. मी स्वतःही वर्गात म्हटलेलं आहे.

विद्यार्थी आल्यावर आम्ही दोघं बसलो. त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे मला वही काढायला लावली. (गुरूची विद्या गुरूला.) एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय बदललं आणि काय दिसलं ते लिहायचं, आणि मगच पुढे जायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दुखणं गेलं तर कशाने गेलं ते कधीच कळत नाही.

सर्व्हरच्या बोर्डात एक मोठी सोय असते. त्यावर एक छोटा स्वतंत्र संगणकच बसवलेला असतो. आमच्या बोर्डावर तो ॲस्पीड नावाच्या तैवानी कंपनीच्या चिपमध्ये आहे. मुख्य यंत्र बंद असलं तरी तो जागा असतो, आणि बोर्डचं चित्रही तीच चिप तयार करते. नेटवर्कची वायर लावली की दुसऱ्या संगणकावरून त्याच्याशी बोलता येतं आणि बोर्डच्या स्क्रीनवर काय चाललंय ते लांबून बघता येतं. शेकडो सर्व्हर एका खोलीत असतात, प्रत्येकापुढे स्क्रीन कोण ठेवणार, म्हणून ही व्यवस्था. तिला जुना जावा लागतो, आणि आजचे ब्राउझर तो चालवत नाहीत. म्हणून विद्यार्थ्याने आपला एक पुराणा लॅपटॉप आणला होता. आधीच्या मालकाने परवलीचा शब्द बदललेला नव्हता हे आमचं नशीब. आम्ही आत शिरलो. टीव्हीवर ठिपक्यांचे पुंजके, आणि त्याच क्षणी लॅपटॉपवर तीच ओळ मोत्यासारखी!

मी वहीत लिहिलं: ‘चित्र आत बरोबर तयार होतंय. बाहेर येताना बिघडतंय.’

हे एक वाक्य लिहायला वीस मिनिटं लागली, आणि त्या वाक्याने अर्धा बोर्ड निर्दोष सुटला. प्रोसेसर, मेमरी, चित्र तयार करणारा भाग, सगळे. आता उरलं काय? चित्राचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारा शेवटचा टप्पा, सॉकेट, केबल, कन्व्हर्टर आणि टीव्ही. केबल बदलली. फरक नाही. मग कपाटावरचा जुना पंधरा इंची व्हीजीए मॉनिटर खाली उतरवला. तो दोनदा भंगारवाल्याला द्यायचा राहून गेलेला. धूळ पुसली, मधला कन्व्हर्टर काढला, थेट जोडला. अक्षरं स्वच्छ. पुन्हा कन्व्हर्टर लावून टीव्ही. पुन्हा मोडतोड. तीनदा केलं, तीनदा तेच. संपलं.

कन्व्हर्टर का चुकत होता, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मीही ‘कन्व्हर्टर गेलाय’ एवढंच म्हणून मोकळी झाले असं होईल. व्हीजीए ही पद्धत आयबीएमने १९८७ साली आणली. तिच्यात लाल, हिरवा, निळा हे तीन रंग तीन तारांतून कमीजास्त होणाऱ्या दाबाच्या रूपात वाहत असतात. नवी ओळ सुरू झाली आणि नवं चित्र सुरू झालं, एवढ्याच दोन खुणा सोबत येतात. एका ओळीत ठिपके किती, हे कुणी सांगतच नाही. घेणाऱ्याने ते ओळखायचं. अक्षरांच्या स्क्रीनवर एका ओळीत ८० अक्षरं, प्रत्येक ९ ठिपके रुंद, म्हणजे ७२० ठिपके. अशा ४०० ओळी, सेकंदाला ७० वेळा. पण ६४० ठिपके आणि ४०० ओळींची दुसरी एक पद्धत आहे, आणि दोन्हींच्या खुणा अगदी सारख्या आहेत. जुने मॉनिटर ह्या अक्षरांच्या स्क्रीनसाठीच घडलेले, त्यांना सवय असते. स्वस्तातला कन्व्हर्टर ६४० धरून चालला तर नऊ ठिपक्यांच्या जागी आठच उचलतो. नववा ठिपका, म्हणजे कुठल्या तरी अक्षराची दांडी, खिशात घालतो. पुढे बोर्डला डिस्क लावून लिनक्स सुरू केलं तेव्हा स्क्रीन १०२४ बाय ७६८ च्या पद्धतीत गेला, आणि त्याच कन्व्हर्टरमधून टीव्हीवरही चित्र स्वच्छ आलं. दुकानात डिस्कच लावलेली नव्हती, त्यामुळे गाडी तिथवर पोचलीच नाही.

कुणी म्हणेल, तुमचं नशीब चांगलं, खरोखरच बोर्ड गेला असता तर? गेला असता तर गेला असता! तेही लिहून ठेवलं असतं. लांबून बघतानाही अक्षरं मोडलेली असती तर दोष आतला ठरला असता. मग मेमरीची एकेक पट्टी काढून बघायची, बायॉसच्या सेटिंग पुसायच्या, अंगचं ग्राफिक्स जंपर काढून बंद करायचं आणि वेगळं कार्ड लावून बघायचं. आधी स्वच्छ आणि लिनक्स चढल्यावर घाण, असं असेल तर बोर्डला हातच लावू नये, सॉफ्टवेअर बघावं. नुसता एक रंग कमी असेल तर त्या रंगाच्या तारेची पिन बघावी.

बिघाड बोलत असतो. विद्यार्थ्याने मला एक उदाहरण सांगितलं, ते मला फार आवडलं. काही जुन्या बोर्डांवर चित्राची मेमरी वेगळ्या चिपमध्ये असे. तिचा एखादा बिट अडकून कायमचा ‘एक’ झाला, समजा चार किमतीचा, तर स्क्रीनवरची सगळी मोकळी जागा डॉलरच्या चिन्हांनी भरून जाते! कारण मोकळ्या जागेचा आकडा ३२, त्यात चार मिळवले की ३६, आणि ३६ म्हणजे डॉलर. ‘ए’ चा ‘ई’ होतो, ‘बी’ चा ‘एफ’, ‘सी’ चा ‘जी’. ‘डी’ मात्र ‘डी’च राहतो, कारण त्याच्यात तो चार आधीपासूनच आहे. बघणाऱ्याला वाटतं भुताटकी. पण तो अक्षरश: पत्ता आहे, अमुक चिपचा अमुक बिट. एखादं मूल प्रत्येक अक्षराला उगाच काना देऊ लागलं तर आपण त्याला काही येत नाही असं म्हणणार, की त्याचं नेमकं काय चुकतंय ते बघणार?

आणि ह्या बोर्डवरची ती मेमरी, जिच्यासाठी आम्ही तो घेतला, तिची जन्मकथाही हीच आहे. बेल लॅब्समध्ये रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती होते. शनिवार-रविवारी कुणी देखरेखीला नसताना त्यांचं गणित यंत्रावर चढवलेलं असे. यंत्राला चूक झाल्याचं कळायचं, आणि ते गणित तिथेच टाकून देऊन पुढच्याकडे वळायचं. सोमवारी हॅमिंग बघतात तर काम झालेलंच नाही. ते वैतागले. चूक झाली एवढं यंत्राला कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये? त्या वैतागातून १९५० साली त्यांनी चूक शोधून दुरुस्त करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज पाऊणशे वर्षांनी तो शहाणपणा मेमरीच्या पट्टीत उतरला आहे, आणि पट्टी हातात धरणारा माणूस मात्र त्या शनिवारच्या यंत्रासारखा, चूक दिसली की काम टाकून पुढे.

आता त्या तरुणाची बाजू. त्याची नियत वाईट होती असं मी म्हणणार नाही. दुकानाचं भाडं आहे, दारात गर्दी आहे. तीन तास घालवून ‘कन्व्हर्टर बदला’ असं सांगितलं असतं तर गिऱ्हाईक म्हणालं असतं, "एवढंच? ह्याचे हजार रुपये?" नवा भाग विकला की पैसे मिळतात, डोकं चालवलं की मिळत नाहीत. ही सवय त्याला आपणच लावली. डॉक्टरने तपासून ‘काही झालेलं नाही’ म्हटलं तरी आपण फी देतो. कारागिराला मात्र वस्तू बदलल्याशिवाय द्यायला हात धजत नाही.

ह्याची किंमत कुठे जाते बघा. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली काढलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल काढलं. चांगलंच आहे. पण धडधाकट वस्तू कचरा ठरते तो क्षण नियमाच्या हाताला लागत नाही. तो एखाद्या गल्लीतल्या काउंटरवर, पाच मिनिटांत, एका शब्दात उरकलेला असतो.

एवढं फटकारून झाल्यावर माझंही सांगते. न सांगता हा लेख संपवला तर तो खोटा होईल.

१९८१ साली आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. फळ्यावरचं उतरवून घेताना ‘ध’ चा ‘घ’ करायचा, ‘म’ चा ‘भ’, मात्रा गाळायचा, अनुस्वार तर कधीच नाही. त्याच्या वहीवर मी लाल शाईने ‘हलगर्जीपणा’ असं किती वेळा लिहिलं ते मोजलेलं नाही. उंच म्हणून शेवटच्या बाकावर होता, तिथेच ठेवला. शिक्षकांच्या खोलीत मी त्याच्याबद्दल म्हणायची, "गेलेली केस आहे." हाच शब्द, बरं का. वार्षिक परीक्षेत प्रश्न फळ्यावर लिहून दिले होते. तो नापास झाला. पुढच्या वर्षी शाळेत डोळ्यांचं तपासणी शिबिर झालं आणि त्याला जाड भिंगांचा चष्मा लागला. तेव्हा तो पुन्हा आठवीत बसला होता, धाकट्या भावाच्या वर्गात.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. त्याचं श्रुतलेखन चांगलं होतं. मी तोंडाने सांगितलेलं तो जवळजवळ बिनचूक लिहायचा. ते गुण माझ्याच हातचे, माझ्याच वहीत होते. कानाने घेतलेलं स्वच्छ, डोळ्याने घेतलेलं मोडकं. लॅपटॉपवर मोती, टीव्हीवर पुंजके! दोन्ही पुरावे माझ्यासमोर वर्षभर शेजारी शेजारी पडले होते आणि मी ते एकत्र वाचले नाहीत. वाचले असते तर त्याला पहिल्या बाकावर आणायला एक मिनिट लागलं असतं.

त्या रात्री लॅपटॉपवरची ती स्वच्छ ओळ बघून विद्यार्थी आनंदाने ओरडला, आणि मला ते श्रुतलेखन आठवलं. मी त्याला काही बोलले नाही.

तेव्हा दुरुस्तीवाल्या मित्रा, माझा तुझ्यावरचा राग परक्याचा नाही. माझी मागणी एवढीच आहे. निदानाचे वेगळे पैसे घे, ठणकावून घे. पण एका कागदावर लिहून दे, काय लावून बघितलं, काय बदलून बघितलं, काय दिसलं. चार ओळी पुरेत. आणि गिऱ्हाइकांनो, त्या चार ओळींचे पैसे कुरकुर न करता द्या. त्या मागितल्याशिवाय वस्तू भंगारात घालू नका. शाळांमध्ये जे अजून शिकवतात त्यांनाही तेच सांगणं आहे. प्रगतिपुस्तकात शेरा मारण्याआधी मुलाच्या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवा.

असो. तो अडीचशेचा कन्व्हर्टर मी टाकलेला नाही. लिनक्स चालू असताना तो बरोबर काम करतो. त्याच्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे: ‘सुरुवातीची अक्षरं ह्याला वाचता येत नाहीत. बाकी ठीक.’